पितळी प्यादं

दुसऱ्याच चालीला तिनं राजाच्या उंटापुढचं प्यादं
दोन घरं सरकवलं आणि घड्याळ दाबलं.
सम्मती मगदूम, वय अकरा, रविवारीही शाळेचीच रिबन,
खुर्चीवर मांडी घातलेली, सगळा पट दिसावा म्हणून.
"घ्या की मामा. मी काय बोलत नाही."
मग लगेच, "मी पाणी पिऊन येतो,"
आणि आमच्याकडच्या पोरींसारखी
येतो म्हणून गेली.

मिरजकर तिकटीजवळ, सायकल दुकानाच्या माडीवर
आम्ही दहा-बारा जण.
खाली कुणीतरी ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतंय.
वर मी तेच करतोय,
बुडबुडा कुठनं येतोय बघतोय.

फुकटचं प्यादं.
घेतलं तर मधली घरं तिची, हत्तीला सबंध पट्टी मोकळी,
माझा राजा अजून अंथरुणात.
नाही घेतलं तर तिला कळणार, म्हातारा भ्याला.
तालमीत असंच असतं,
समोरचा पाय पुढं ठेवतो, विसरल्यासारखा.
तुम्ही पट काढायला वाकता,
आणि मान त्याच्या काखेत.

त्यात हे प्यादं पितळी.
या पेटीतलं एक लाकडी कधीच हरवलं,
त्याच्या जागी गजबरनं लेथवर काढून दिलेलं.
पांढऱ्यांत खपावं म्हणून रंग लावला होता, तो उडाला.
बाकीच्यांपेक्षा जड. उचललं की हाताला कळतं.

गजबर शिकलगार. उद्यमनगरात माझा निम्म्याचा भागीदार.
पहिल्याच वर्षी, भट्टी नीट तापायच्या आत
बँकेची नोटीस आली, तेव्हा म्हणाला,
"लेथ तू ठेव. माझं मी बघतो. हिशेब नंतर."
मी घेतलं.
नको म्हणायची एक चाल होती, ती दिसली नाही मला.
किंवा दिसली.
मग बत्तीस वर्षं तेवढं एक राखत बसलो.
त्याच्यापायी हे प्यादं पुढं, ते प्यादं पुढं,
घोडा कोपऱ्यात, कागद कपाटात,
त्याच्या गल्लीवरनं जायला नको
म्हणून रोज कोटीतीर्थाला वळसा.
फायद्यात होतो, सगळे म्हणायचे.
किल्लेकोट तेवढा कधी झाला नाही.
आणि 'नंतर' हा शब्द
त्यानं परत काढला नाही. मीही नाही.

"मामा, झोपलासा काय?"
सात मिनिटं गेलेली. ती हनुवटी मुठीवर टेकून बसलेली.

घेतलं.
पितळ माझ्या बाजूला टेबलावर टक्क वाजलं.
तिचा घोडा आला, येणारच होता.
आता इथं शहाणी माणसं
राजाकडची प्यादी ढकलत मिळालेलं राखतात.
मी वजिरापुढचं दोन घरं पुढं केलं,
सरळ तिच्या तोंडाशी.
घे, बाई.

तिनं पहिल्यांदा पट सोडून माझ्याकडं बघितलं.
"हे आम्हाला अजून शिकवलं नाही," म्हणाली,
आणि घेतलं.

समसमान.
घोडा बाहेर, उंटाला वारा लागला,
राजाला त्याचा कोपरा दिसायला लागला.
एवढं सोपं होतं काय हे?
फक्त, दिलं ते लाकडी होतं.

एकेचाळीसाव्या चालीला मी हरलो.
त्याचा याच्याशी संबंध नाही, शेवटी हत्ती चुकला.
खालचं दुकान बंद व्हायला आलं होतं,
शटर अर्ध्यावर.
ती मोहरे पेटीत भरता भरता मोजत होती,
तिला तशी सवय लावलीय कुणीतरी,
एकोणतीस, तीस, एकतीस.
"मामा, एक कमी."

मूठ उघडायला मला जरा वेळ लागला.